एकाच बँडमध्ये दहा रडार: प्रत्येकाला वेगळा कोड दिला की भागतं का?

नभोवेध
मंडळी, तांत्रिक धागा आहे, पण बिगरतांत्रिक लोकांनीही डोकवावं.

७६ ते ७७ गिगाहर्ट्झ हा गाड्यांच्या लांब पल्ल्याच्या रडारचा बँड. समजा एका चौकात दहा रडार एकाच वेळी चालू आहेत. एकमेकांशी बोलणं नाही, सामाईक घड्याळ नाही, मध्यस्थ नाही. प्रत्येकाला तोच १ गिगाहर्ट्झ हवा, कारण अंतरातला बारकावा बँडविड्थवर ठरतो: १ गिगाहर्ट्झला १५ सेंटिमीटर. दहांत वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला १०० मेगाहर्ट्झ आणि बारकावा दीड मीटर. मग माणूस आणि शेजारचा खांब मिळून एकच ठिपका.

म्हणून वाटणी न करता, पूर्ण बँड सगळ्यांनी एकदम वापरून, फक्त वेव्हफॉर्म वेगवेगळ्या ठेवायच्या, असा एक प्रस्ताव आमच्याकडे फिरतोय. 'ऑर्थोगोनल कोड (एकमेकांना काटकोनात असलेले, म्हणजे एकमेकांत न मिसळणारे) घ्या, विषय संपला' असं त्यात एका ओळीत लिहिलंय. मला ती ओळ पचत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

वाचनमात्र
वाचतोय. पण वेव्हफॉर्म म्हणजे नक्की काय, हे जरा इस्कटून सांगा की राव.

नभोवेध
@वाचनमात्र, रडार जो सिग्नल बाहेर सोडतो त्याचा आकार. नुसता छोटा ठोका सोडता येतो, पण त्यात ऊर्जा कमी भरते. म्हणून लांब सिग्नल सोडायचा आणि त्यावर काहीतरी खूण कोरायची, म्हणजे परत आल्यावर तो खुणेवरून ओळखून आकुंचित करता येतो. खूण कोरायचे दोन मुख्य प्रकार. एक चर्प: फ्रीक्वेन्सी सरळ रेषेत चढवत न्यायची. दुसरा फेज कोड: सिग्नलचे बारीक तुकडे करून प्रत्येकाला अधिक किंवा उणे चिन्ह द्यायचं. गाड्यांमधले बहुतेक रडार आज चर्पवाले आहेत.

कोडग्या
नाव सार्थ करायला आलोच.

जीपीएस बघा. सगळे उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, सगळे एकाच वेळी बोलतात. प्रत्येकाचा १०२३ चिपचा (म्हणजे अधिक-उणे तुकड्यांचा) वेगळा गोल्ड कोड. रिसीव्हर आपल्याला हव्या त्या उपग्रहाचा कोड लावतो आणि बाकीचे गोंगाटात विरतात. रॉबर्ट गोल्ड यांनी हे १९६७ साली मांडलं. रोज कोट्यवधी रिसीव्हर यावर चालतात. रडारवाल्यांनाच कसली अडचण?

गणिती_गोंधळ
अडचण अंतराची आहे हो.

जीपीएसचे उपग्रह २०,००० किलोमीटरवर. जवळचा आणि लांबचा यांच्या ताकदीत फरक पडतो तो जेमतेम दोन-तीन डेसिबलचा (डेसिबल हे पटीचं माप, दर १० डेसिबलला दहापट). सगळे सारख्याच आवाजात बोलतात म्हणून ते जमतं.

रडारमध्ये आपला प्रतिध्वनी जाऊन-येऊन आलेला असतो, म्हणजे ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते. शेजारच्या रडारचा सिग्नल मात्र एकाच दिशेने येतो, तो वर्गाने घटतो. करून बघा: १०० मीटरवर एक गाडी, परावर्तनक्षेत्र १० चौरस मीटर. आणि १०० मीटरवरच समोरून येणारं तसंच दुसरं रडार. दोघांचे अँटेना एकमेकांकडे तोंड करून. शेजाऱ्याचा सिग्नल आपल्या प्रतिध्वनीपेक्षा ४१ डेसिबलने मोठा. पट सांगायचे तर साडेबारा हजार. गाडीऐवजी माणूस असेल (१ चौरस मीटर धरा) तर ५१ डेसिबल.

आता कोडची कुवत. कोणतेही दोन कोड एकमेकांना काटकोनात आहेत हे खरं असतं फक्त नेमके जुळवून ठेवल्यावर. रडारमध्ये शेजाऱ्याचा सिग्नल कुठल्याही विलंबाने येणार. सगळ्या विलंबांना शून्य गुणाकार (म्हणजे शून्य साम्य) देणारा संच असूच शकत नाही. वेल्च यांनी १९७४ मध्ये याची खालची मर्यादाच सिद्ध केली. एन लांबीचे भरपूर कोड घेतले तर सर्वात वाईट गुणाकार साधारण एक भागिले वर्गमूळ एन याच्या खाली जात नाही. १००० लांबीला ३० डेसिबल. गोल्ड कोड तर १०२३ ला २४ डेसिबलच देतो.

४१ मधून ३० गेले, उरले ११. म्हणजे कोड लावूनसुद्धा शेजारी आपल्या गाडीच्या वर ११ डेसिबल उभा.

तिरकस_तात्या
थोडक्यात, दरीत हाक मारून प्रतिध्वनी ऐकायला उभं राहावं आणि कुणीतरी कानाशी येऊन शंख फुंकावा.

वाचनमात्र
तात्या, आता समजलं. आधीच्या प्रतिसादातलं 'उरले ११' एवढंच समजलं होतं.

कोडग्या
@गणिती_गोंधळ, तुम्ही एकाच ठोक्यावर हिशोब थांबवलात. रडार एक ठोका सोडून निकाल देत नाही. २५६ ठोके घ्या, दर ठोक्याला कोड बदला. आपला प्रतिध्वनी २५६ वेळा एकाच सुरात जमतो, शेजाऱ्याचा उरलेला कचरा मात्र दर वेळी वेगळा, म्हणून जमत नाही. आणखी २४ डेसिबल हातात. ३० अधिक २४, ५४. तुमचे ४१ केव्हाच खाली गेले.

गणिती_गोंधळ
गाडीसाठी मान्य, १३ डेसिबल वर राहते. माणसासाठी ५४ वजा ५१, तीन उरतात. तीन डेसिबलवर 'तिथे माणूस आहे' असं कोणी सही करून देईल? शिवाय शेजारी एकच धरलाय. पाच जण तितक्याच अंतरावर असले की आणखी सात डेसिबल गेले.

आणि दर ठोक्याला कोड बदलण्याची किंमत वेगळीच. कोड बदलला की त्याचे साइडलोबही, म्हणजे आकुंचनानंतर मुख्य टोकाच्या आजूबाजूला उरणारे छोटे उंचवटेही, बदलतात. मग जवळच्या मोठ्या भिंतीचे साइडलोब ठोक्यागणिक हलत राहतात आणि डॉप्लरमध्ये (म्हणजे वेगाच्या मोजणीत) सगळीकडे पसरतात. भिंत उभीच असते, पण तिचा धुरळा वेगाने चालणाऱ्या वस्तूंच्या रकान्यात जाऊन बसतो. शेजाऱ्याचा त्रास कमी करायला गेलो आणि स्वतःच स्वतःला त्रास दिला.

चाकावरचा
या क्षेत्रात पोट भरतो, म्हणून दोन शब्द.

कोडची खरी अडचण आमच्याकडे गणिताआधी खिशाला लागते. चर्प रडारमध्ये आलेला सिग्नल आपणच त्या क्षणी बाहेर सोडत असलेल्या चर्पने गुणतात. गुणल्यावर उरतो तो फक्त फरक, १०–२० मेगाहर्ट्झचा. तेवढाच डिजिटल करायचा. १ गिगाहर्ट्झचा फेज कोड मात्र पूर्णच्या पूर्ण डिजिटल करावा लागतो, सेकंदाला अब्जाच्या घरात नमुने, प्रत्येक अँटेनामागे. कोडवाली रडार चिप बनते, बाजारात आहे, पण चर्प आजवर टिकलाय तो या स्वस्ताईमुळे.

तेव्हा प्रश्न असा विचारा: चर्पच वापरायचा, तर दहा जणांनी कसा वेगळा ठेवायचा?

उतार मोजा. १ गिगाहर्ट्झ ५० मायक्रोसेकंदांत, म्हणजे २० मेगाहर्ट्झ प्रति मायक्रोसेकंद. रिसीव्हर १० मेगाहर्ट्झपर्यंतचा फरक ऐकतो. शेजाऱ्याचा उतार अगदी सारखा असेल तर त्याची सुरुवात आपल्या अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या खिडकीत पडली तरच तो दिसतो. ५० मध्ये अर्धा, शंभरात एक शक्यता. पण पडला की तो गोंगाट म्हणून दिसत नाही, भूत म्हणून दिसतो. सुरुवात तंतोतंत जुळली तर १०० मीटरवरचा शेजारी ५० मीटरवर उभा, कारण आपण जाण्या-येण्याचा हिशोब धरून अंतर निम्मं करतो आणि तो आलेला असतो एकाच फेरीत.

उतार अगदी उलटा असेल, आपला चढता आणि त्याचा उतरता, तर दोन रेषा झटकन एकमेकींना छेदून जातात. अर्धा मायक्रोसेकंद गोंगाट. तेवढे नमुने कापून टाका, एक टक्का नुकसान, कोणाला पत्ताही लागत नाही.

सगळ्यात घातक मधला प्रकार. आपला २० आणि त्याचा २१. दोन रेषा हळूहळू जवळ येतात, बराच वेळ बिलगून चालतात, हळूहळू दूर जातात. हिशोब करा: अधिक-उणे १० मेगाहर्ट्झची पट्टी, फरक १ मेगाहर्ट्झ प्रति मायक्रोसेकंद, म्हणजे २० मायक्रोसेकंद गोंगाट. चर्पचा ४० टक्के भाग बाद. तेवढा कापला तर उरलेल्यातून नीट चित्र निघत नाही.

म्हणून सगळ्यांनी 'थोडं थोडं वेगळं' राहायचं, हा सल्ला चर्पच्या बाबतीत सपशेल वाईट आहे. राहायचं तर बऱ्यापैकी वेगळं.

नभोवेध
@चाकावरचा, दंडवत. २० आणि २१ चा मुद्दा प्रस्तावात कुठेच नाही. उलट 'प्रत्येक युनिटचा उतार किंचित बदलावा' असंच लिहिलंय!

तिरकस_तात्या
'किंचित' हा शब्द ज्या प्रस्तावात असतो तो प्रस्ताव आधी लिहून मग विचार केलेला असतो.

स्कोपसमोरचा
तुम्ही पोरं हे नवीन दुखणं असल्यासारखं बोलताय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या किनाऱ्यावरची चेन होम रडारकेंद्रं सेकंदाला २५ ठोके सोडायची आणि ते ठोके विजेच्या राष्ट्रीय जाळ्याच्या ५० हर्ट्झला बांधलेले असायचे. कशासाठी? केंद्रांनी एकमेकांच्या पडद्यावर घाण करू नये म्हणून. सगळ्यांना तारेतून आयतं सामाईक घड्याळ मिळालं, मग प्रत्येकाने आपापली पाळी धरायची.

जाळ्याला न बांधलेलं दुसरं रडार जवळ असलं की त्याचे ठोके पडद्यावर सरपटत जाताना दिसायचे, त्यांना 'रनिंग रॅबिट्स' म्हणत. ससे पळताना मीही पाहिलेत, अर्थात बऱ्याच नंतरच्या स्कोपवर. त्यावरचा उपाय फार साधा होता: दर ठोक्यामधलं अंतर थोडं मागेपुढे करायचं. आपले प्रतिध्वनी जागेवर राहतात, परक्याचे विखुरतात. एकाच ठोक्यात दिसलं आणि पुढच्यात नाही, तर फेकून द्या. यात कसलं कोडिंग नाही, बेशिस्त शेजाऱ्याला ओळखायची शिस्त आहे.

माझ्या मते तुम्ही सगळे ट्रान्समीटरकडे फार बघताय. निम्मं काम रिसीव्हरचं आहे.

शमा
अवांतर करते, जीवशास्त्रवाली आहे.

विजेचे मासे आठवले. आयगेनमानिया नावाचा मासा स्वतःभोवती सतत वीजक्षेत्र सोडतो, काहीशे हर्ट्झचं, आणि त्यातल्या बदलावरून अंधारात वाट काढतो. दोन मासे जवळ आले आणि त्यांच्या फ्रीक्वेन्सी जवळपास सारख्या असल्या की दोघंही आंधळे होतात. वातानाबे आणि ताकेदा यांनी १९६३ मध्ये दाखवलं की मासे मग फ्रीक्वेन्सी बदलतात. गंमत अशी की ज्याची वरची तो आणखी वर जातो, ज्याची खालची तो आणखी खाली. घड्याळ नाही, मध्यस्थ नाही. नभोवेध यांच्या चौकासारखंच.

वटवाघळांचं चित्र इतकं स्वच्छ नाही. काही प्रयोगांत ती गर्दीत फ्रीक्वेन्सी सरकवताना दिसली, काहींत नाही. काही तर खाद्यावरून भांडताना दुसऱ्याचा आवाज मुद्दाम बिघडवतात.

तिरकस_तात्या
शेवटचं वाक्य वाचून वटवाघळं आपल्यातलीच वाटली.

वायफळ_फाय
शमाताई, अवांतर कसलं, हाच मुद्दा आहे. आमच्या वाय-फायच्या जगात याची मोठी शिकवण आहे.

५ गिगाहर्ट्झच्या आसपास हवामानाची रडार आधीपासून होती. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत तो पट्टा वाय-फायसारख्या उपकरणांना खुला झाला, पण अट घालून: आधी ऐका. चॅनेल घेण्यापूर्वी ६० सेकंद कान लावायचा, रडार सापडलं तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचं, पुढे ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. युरोपात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झला, जिथे हवामान रडार आहेत, तिथे तर १० मिनिटं ऐकायचं.

कागदावर झकास. २००९ मध्ये पोर्टो रिकोच्या सॅन हुआन विमानतळाच्या हवामान रडारवर व्यत्यय सापडलाच. शोध घेतला तर बाहेर उंचावर बसवलेली ५ गिगाहर्ट्झची उपकरणं निघाली. आणि ऐकण्याची सोय सेटिंगमधून बंद करून ठेवणारे महाभाग जगभर आहेत. रडारच्या पडद्यावर मग केंद्रातून निघालेली एक सरळ पाचर दिसते, पाऊस नाही आणि वादळ नाही.

कितीही सुंदर वेव्हफॉर्म शोधा, शेजाऱ्याने ती पाळलीच पाहिजे असं कुणी बजावणारं नसेल तर काय उपयोग?

कोडग्या
पण हा नियमांचा धागा नाही, वेव्हफॉर्मचा आहे.

वायफळ_फाय
वेव्हफॉर्म हाच नियम असतो की. ६० सेकंद ऐकूनही रडार का सापडत नाही? कारण रडारचे ठोके अतिशय बारीक आणि अँटेना फिरतोय, आपल्याकडे तोंड क्षणभरच. नवा ठोका काढला, म्हणजे रडारवाल्यांनी वेव्हफॉर्म बदलली, की जुन्या ओळखयंत्रांना ती ओळखता येत नाही. तुम्ही जितकी हुशार वेव्हफॉर्म कराल तितकी ती दुसऱ्याला गोंगाटासारखी दिसणार.

गणिती_गोंधळ
हे चांगलं पकडलंत. याच्याच जोडीचा दुसरा मोह म्हणजे स्पेक्ट्रममध्ये खाच पाडणं. शेजारी जिथे बोलतोय तेवढा भाग रिकामा सोडायचा, बाकी बँड वापरायचा. ऐकायला सभ्य वाटतं. पण प्रतिध्वनीचा आकुंचित आकार हा पॉवर स्पेक्ट्रमचाच (कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती ताकद, त्या आलेखाचाच) फूरिये, म्हणजे गणिती रूपांतर, असतो, त्यातून सुटका नाही. मधोमध दहा टक्के भाग कापला की मुख्य टोकाच्या पायथ्याशी सुमारे उणे १९ डेसिबलचा चबुतरा तयार होतो. नीट आकार दिलेला स्पेक्ट्रम असता तर तिथे उणे ४० सहज मिळालं असतं.

वर आणखी एक अट राहते: ट्रान्समीटरचा अँप्लिफायर पूर्ण जोरात चालवायचा तर सिग्नलची उंची स्थिर हवी. मग फक्त फेज हलवून खाच पाडायची, साइडलोब दाबायचे आणि शेजाऱ्यापासून वेगळंही राहायचं. पेपरांत हे तिन्ही एकत्र करणारे अल्गोरिदम ढिगाने आहेत. प्रत्येकजण ज्या गोष्टीवर जिंकतो तिचाच आलेख पहिल्या पानावर छापतो.

साधीसुधी
मला एक बाळबोध शंका. सगळ्यांनी मासा व्हावं ना? ऐकायचं, रिकामी जागा दिसली की तिकडे उडी मारायची.

चाकावरचा
शंका बाळबोध अजिबात नाही. अडचण अशी: दोन रडारना एकाच क्षणी एकच रिकामी जागा दिसते. दोघं उडी मारतात. तिथे पुन्हा टक्कर. दोघं परत मागे. सारख्या बुद्धीचे दोन शेजारी कायम एकमेकांच्या मागेच. शमा यांच्या माशाकडे 'मी वर की खाली' हा भेद आहे, त्यामुळे दोघं विरुद्ध दिशांना जातात. रडारला असा भेद नसेल तर फासा टाकावा लागतो, उडी मारायची की नाही, किती वेळाने.

आणि दहा जण असतील तर रिकामी जागा उरतेच कुठे?

वाचनमात्र
मग आवाज वाढवा. पॉवर.

स्कोपसमोरचा
सगळ्यांनी वाढवला की होतो तिथेच. वीजबिल तेवढं वाढतं.

कोडग्या
सहाव्या पिढीच्या मोबाइलमध्ये बोलणं आणि बघणं एकाच सिग्नलने करणार म्हणतात. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) २०२३ च्या आराखड्यात ते अधिकृतपणे आहे. तिथे बेस स्टेशन आहे, घड्याळ आहे, वाटप करणारा आहे. तिथे माझे कोड चालतील की नाही?

गणिती_गोंधळ
तिथे चालतील. घड्याळ आणि वाटप करणारा असेल तर माझी काही हरकत नाही. चौकात तो नाही, एवढंच म्हणतोय.

कोडग्या
चला, एका जागी तरी चालतील. निघतो.

नभोवेध
बरेच दिवसांनी धागा वर काढतोय. सगळं वाचून आमच्या गटात मांडलं. 'ऑर्थोगोनल' ही ओळ काढली. आता आराखडा असा: चर्पच, पण उतार मोजक्या, एकमेकांपासून खूप लांबच्या किमतींतून निवडायचे, चढते आणि उतरते दोन्ही. बँडमधली सुरुवातीची फ्रीक्वेन्सी दर फ्रेमला (म्हणजे चर्पच्या दर जुडग्याला) फाशाने. रिसीव्हरमध्ये गोंगाटाचा तुकडा ओळखून कापायचा. अँटेना ४५ अंशात तिरपा, म्हणजे समोरून तोंडावर येणाऱ्याचा तसाच तिरपा अँटेना आपल्याला आडवा पडतो आणि बराच गळतो. फेज कोड फक्त आपल्याच अँटेना एकमेकांपासून वेगळ्या ओळखायला, कारण तिथे घड्याळ आपलंच आहे.

एक प्रश्न अडलाय. स्कोपसमोरचा यांनी सांगितलेला उपाय, दर चर्पची सुरुवात मागेपुढे करणं. भुतं मोडायला मला तो हवाच आहे. पण डॉप्लर काढताना चर्प समान अंतरावर असावे लागतात ना? सुरुवात हलवली तर वेग बिघडणार नाही?

स्कोपसमोरचा
आमच्या काळी बिघडायचा. आता तुमच्याकडे संगणक आहे.

चाकावरचा
किती हलवायचं ते आधी ठरवा. भुताची खिडकी अर्ध्या मायक्रोसेकंदाची, त्यामुळे अधिक-उणे २ मायक्रोसेकंद पुरे. शेजारी बहुतेक चर्पमध्ये खिडकीबाहेर फेकला जातो, आणि जे थोडे ठोके आत पडतात ते दर वेळी वेगळ्या अंतरावर.

आता वेगाचं. सेकंदाला ३० मीटरने येणारी वस्तू २ मायक्रोसेकंदांत ६० मायक्रोमीटर सरकते. तरंगलांबी ३.९ मिलिमीटर. फेजमधली जास्तीत जास्त चूक ११ अंशांच्या आसपास. अशा विखुरलेल्या चुकांचा कचरा २५६ चर्पच्या डॉप्लर रकान्यांत पसरला की टोकाच्या सुमारे ४३ डेसिबल खाली जातो. वेग दुप्पट झाला तर ३७.

हा कचराही सहन करायची गरज नाही. फासा तुम्हीच टाकलाय, कोणता चर्प किती हलवला हे तुमच्याकडे लिहिलेलं आहे. वस्तूचा वेग एकदा ढोबळ निघाला की त्या वेगाची फेज दुरुस्ती लावून दुसऱ्यांदा मोजा. शेजाऱ्याकडे तुमच्या फाशाची यादी नाही, त्यामुळे त्याला ही सोय मिळत नाही.

नभोवेध
४३ पुरेसे आहेत आम्हाला. भिंतीजवळून चालणाऱ्या माणसासाठी दुसरी फेरी लावून बघतो आणि आकडे इथेच टाकतो.

साधीसुधी
आकडे टाकाल तेव्हा २० आणि २१ वाला आलेखही टाका, तो बघायचाय.